खुर्ची बदलून बसताना



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर मला नववीत मराठी शिकवायला होते. गॅदरिंगचं नाटक तेच बसवत. तालमीत कुणी अगदी खरंखुरं रडून दाखवलं की बाकीचे शिक्षक वाहवा करायचे. सर मात्र चष्मा पुसत विचारायचे, "रडलीस ते ठीक आहे. पण समोरचा काय म्हणाला, ते ऐकलंस का?" तेव्हा मला या प्रश्नाचा राग यायचा. एवढे अश्रू काढायचे आणि वर हे! पुढे मानसशास्त्र शिकवलं, तीसएक वर्षं समुपदेशनाचं काम केलं, आणि सरांचा तो प्रश्न एका भलत्याच ठिकाणी पुन्हा भेटला. त्या ठिकाणाचं नाव सायकोड्रामा. मराठीत आपण त्याला मनोनाट्य म्हणू.

निमंत्रणपत्रिकेवर 'उपचार, शिक्षण आणि व्यक्तिमत्त्वविकास' असे तीन शब्द छापलेले आहेत. तिघांना सारखा वेळ द्यायचं मी ठरवलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. तिसऱ्याबद्दल तर माझं मत थोडं कडू आहे.

सुरुवात खुर्च्यांपासून करू. चार-साडेचार वर्षांचा एक मुलगा. आईवडील बाहेर गेलेले. घराच्या तळघरात शेजारची पोरं जमवून तो म्हणाला, आपण देव-देव खेळू. टेबलावर खुर्च्या, त्या खुर्च्यांवर आणखी खुर्च्या, अशी पार छताला टेकेपर्यंत उतरंड रचली आणि सगळ्यांत वर देव म्हणून हा बसला. खालची पोरं देवदूत होऊन गिरक्या घेत होती. त्यातल्या एकाने विचारलं, "देव आहेस तर उडत का नाहीस?" याने हात पसरले आणि उडी मारली. उजवा हात मोडला.

हा मुलगा म्हणजे मनोनाट्याचा जनक जेकब लेव्ही मोरेनो. गोष्ट त्याने स्वतः सांगितलेली आहे, त्यामुळे जरा सावधपणे घ्यावी. कागदोपत्री तो १८८९ साली बुखारेस्टमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मला. स्वतः मात्र सांगायचा की माझा जन्म काळ्या समुद्रात, एका जहाजावर झाला. जन्माचंही ज्याने नाटक केलं, त्याच्या इतर आठवणी किती धरायच्या हे आपण ठरवावं. पण खुर्च्यांची गोष्ट मला खोटी वाटत नाही. त्याच्या पुढच्या सगळ्या कामात खुर्ची आहे, आणि "देव आहेस तर उडत का नाहीस" हा प्रश्नही आहे. तू जो आहेस असं म्हणतोस, तो होऊन दाखव.

लहानपणीच तो व्हिएन्नाला आला. तिथे वैद्यकीचं शिक्षण घेत असताना आउगार्टन नावाच्या बागेत जाऊन मुलांना गोष्टी सांगायचा आणि त्यांच्याकडून त्या करून घ्यायचा. १९१७ साली डॉक्टर झाला. शहर फ्रॉइडचं होतं. फ्रॉइडच्या दिवाणखान्यात कोचावर आडवं पडून माणूस बोलायचा आणि डॉक्टर त्याच्या नजरेआड बसून ऐकायचा. मोरेनोचं म्हणणं साधं होतं. माणूस आडवा पडून जगत नाही. तो चालतो, भांडतो, दार आपटतो, जेवणाचं ताट सारतो. मग त्याचं दुःख फक्त बोलण्यातून कसं कळणार? त्याला उठू द्या.

१ एप्रिल १९२१ ला त्याने व्हिएन्नातल्या कोमेडियनहाउस नाट्यगृहात एक अफाट प्रयोग केला. महायुद्ध हरलेलं, सम्राट गेलेला, देश सैरभैर. रंगमंचावर एक सिंहासन आणि एक मुकुट, बाकी काही नाही. नटही नाहीत. विदूषकाच्या वेशात मोरेनो पुढे आला आणि प्रेक्षकांना म्हणाला, या, बसा, राज्य करून दाखवा. लोक आले, बोलले, उतरले. राजा कुणालाच होता आलं नाही. प्रयोग पडला, वर्तमानपत्रांनी झोडपलं. एप्रिल फूल म्हणून सोडून देता आलं असतं. त्याने उलट पुढच्याच वर्षी भाड्याच्या छोट्या जागेत 'उत्स्फूर्ततेचं नाट्यगृह' काढलं. संहिता नाही, पाठांतर नाही. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी उचलायची आणि करायची. पुढे सिनेमात नाव काढलेला पीटर लोरे तिथे उमेदवारी करून गेला.

तिथेच बार्बरा नावाच्या नटीचा प्रसंग घडला, आणि मनोनाट्याच्या इतिहासात तो पायाचा दगड मानतात. बार्बरा सोज्वळ, प्रेमळ बायकांची कामं करायची. लग्न झालं. काही दिवसांनी नवरा मोरेनोकडे आला. म्हणाला, रंगमंचावर देवता दिसते ती घरात नुसती आग आहे, शिव्या देते, हात उगारते. मोरेनोने त्याच संध्याकाळी तिला बातमीतली एक भूमिका दिली. बदनाम वस्तीतली एक वेश्या, एका गुंडाशी भांडते आणि मारली जाते. बार्बराने ती अशी केली की प्रेक्षक हादरले. तशाच भूमिका ती करत राहिली, आणि घरातलं वादळ निवळत गेलं. भांडण सुरू झालं की मध्येच तिला आपली भूमिका आठवायची आणि हसू यायचं. मग नवऱ्यालाही रंगमंचावर घेतलं. दोघं आपल्या घरातलेच प्रसंग करू लागली. प्रेक्षक नंतर येऊन सांगू लागले की लिहिलेल्या नाटकांपेक्षा हे आम्हाला जास्त लागलं.

गोष्ट छान आहे. पण आपल्याला ती मोरेनोच्याच तोंडून माहीत आहे. तक्रार नवऱ्याची, इलाज दिग्दर्शकाचा. बार्बरा कशाने चिडत होती, हे तिला कुणी विचारल्याचं त्या कथेत दिसत नाही. ती माझ्याकडे आली असती तर मी आधी नवऱ्याला तिच्या खुर्चीत बसवलं असतं.

१९२५ साली मोरेनो अमेरिकेला गेला. १९३६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावी त्याने स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि त्याला जोडून एक रंगपीठ बांधलं. गोल, तीन पायऱ्यांचं, वर सज्जा. रुग्णालयाच्या वास्तूत शस्त्रक्रियेची खोली असावी तसं ते रंगपीठ. १९४१ मध्ये झर्का नावाची एक तरुणी आजारी बहिणीला घेऊन तिथे आली आणि कायमची राहिली. पुढे दोघांनी लग्न केलं. ही पद्धत आज जगभर शिकवता येते, तिला नियम आहेत, क्रम आहे, याचं मोठं श्रेय झर्का मोरेनोचं. तो ठिणग्या उडवायचा, ती चूल मांडायची. १९७४ मध्ये तो गेला, त्यानंतर चाळीस वर्षं ती शिकवत राहिली.

आता प्रत्यक्ष काय चालतं ते सांगते. एका गटातला प्रसंग घेते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

दहा-बारा माणसं गोल करून बसलेली. पहिला पाऊण तास नाटक नाहीच. खोलीत फिरणं, एकमेकांच्या नजरेला नजर देणं, घरातली एखादी वस्तू होऊन बोलणं. याला वॉर्म-अप म्हणतात. हे हळूहळू व्हावं लागतं. तवा तापायच्या आत भाकरी टाकली की ती चिकटते. मग एक गृहस्थ म्हणाले, माझं काही आहे. वय पन्नाशीचं. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. गावात वडिलांचं किराणा दुकान होतं. ते दुकान सोडून हे बँकेत लागले, तेव्हापासून वडील जवळजवळ बोललेच नाहीत. आता यांचा मुलगा नोकरी सोडतो म्हणतोय आणि यांच्या तोंडून शब्द फुटत नाही.

"दुकान मांडा," मी म्हटलं. त्यांनी टेबल ओढलं. हा गल्ला. इथे तराजू. इथे गुळाची ढेप, तिच्यावर माश्या. या माश्यांपाशी आले तेव्हाच त्यांचा आवाज बदलला. मनोनाट्यात जागा आधी उभी करतात ती याच कारणासाठी. आठवण डोक्यात नसते, तराजूच्या पारड्यात असते. वडिलांच्या भूमिकेसाठी त्यांनी गटातले एक निवृत्त गृहस्थ निवडले. का निवडले, विचारलं. "चष्म्यावरून बघतात ना, तसे." अशा मदतीला आलेल्या पात्राला साहाय्यक पात्र म्हणतात, आणि ज्यांची गोष्ट ते मुख्य पात्र.

मग बोलणं सुरू झालं. "अण्णा, तुम्ही एकदा तरी विचारायचं होतं." आवाज चढला. गटातली एक बाई त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. हिला डबल म्हणतात. मुख्य पात्राच्या मनात असेल पण ओठांवर येत नसेल, असं वाटेल ते तिने त्याच्या वतीने बोलायचं. ती म्हणाली, "मला तुमची परवानगी नको होती, अण्णा. तुम्ही चौकशी करावी एवढंच हवं होतं." ते थांबले. मान हलवली. "नाही. परवानगीच हवी होती." डबलचं वाक्य नाकारायचा हक्क मुख्य पात्राला नेहमी असतो. तिचं वाक्य चुकलं, म्हणून त्यांना आपलं सापडलं. चुकलेल्या वाक्याचा एवढा उपयोग दुसऱ्या कुठल्या उपचारात होतो मला माहीत नाही.

मग ते रडले. तिथे थांबलं असतं तर नाटक छान झालं, असं सगळे म्हणाले असते. मला सर आठवले. मी म्हटलं, खुर्ची बदला. आता तुम्ही अण्णा. ते गल्ल्यावर जाऊन बसले, चष्मा नाकावर ओढला. मी विचारलं, "अण्णा, तुमचा मुलगा बँकेत गेला त्या दिवशी तुम्ही काय केलंत?" बराच वेळ काही नाही. मग एकदम गावच्या बोलीत, कोरड्या आवाजात, "त्या दिवशी दुकान उघडलंच न्हाई."

खोली गप्प झाली. नंतर मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, आईने एकदा सांगितलं होतं, मी विसरून गेलो होतो. तर असं आहे. कुणी अंगात आलं नव्हतं, वडील येऊन बोलले नव्हते. माहिती त्यांचीच होती. पण मुलाच्या खुर्चीतून ती दिसत नव्हती. बापाच्या खुर्चीत बसल्यावर दिसली. याला भूमिकांची अदलाबदल म्हणतात, आणि मनोनाट्यातून एकच गोष्ट वाचवायची वेळ आली तर मी हीच वाचवीन.

शेवटचा प्रसंग त्यांनीच सुचवला. अण्णा बँकेत येतात, काउंटरवर खातं उघडतात, मुलगा पासबुकावर शिक्का मारून देतो. हे कधी घडलं नव्हतं, घडणार नव्हतं. न घडलेलं करून बघायची मुभा मोरेनोने जाणूनबुजून दिली. सगळे हसले. शिक्का दोनदा मारला.

आणि मग जे झालं, त्याच्यासाठी मी आज उभी आहे. सगळे पुन्हा गोलात बसले. वडील झालेल्या गृहस्थांनी चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाले, मी तुमचा बाप नाही, माझं नाव अमुक. भूमिका अशी बोलून उतरवायची असते, नाहीतर ती अंगावर राहते. मग शेअरिंग. त्याचा नियम कडक आहे. सल्ला द्यायचा नाही. विश्लेषण नाही. 'तुम्ही असं करायला हवं होतं' नाही. हे बघताना माझ्या आयुष्यातलं काय आठवलं, तेवढंच सांगायचं. सगळा वेळ गप्प असलेले एक आजोबा बोलले. "मी त्या अण्णांसारखाच. पोरगी पुण्याला शिकायला निघाली, मी स्टँडवर गेलो नाही. घरी परड्यात उभा होतो." मुख्य पात्राने त्यांच्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. अण्णांच्या खुर्चीत बसून जे कळलं होतं, ते आता एका जिवंत माणसाच्या तोंडून कळत होतं. त्याच आठवड्यात ते आपल्या मुलाशी बोलले, असं त्यांनी पुढच्या बैठकीत सांगितलं. काय बोलले ते मी विचारलं नाही.

मनोनाट्य म्हटलं की लोकांना आरडाओरडा, उशी बडवणं, ढसाढसा रडणं आठवतं. सिनेमाने तेच दाखवलंय. त्यामागे एक जुनी समजूत आहे की मनात साचलेलं बाहेर पडलं की माणूस मोकळा होतो. अ‍ॅरिस्टॉटलचं कॅथार्सिस, म्हणजे विरेचन, त्याच्या समर्थनाला उभं करतात. पण अ‍ॅरिस्टॉटल प्रेक्षकाबद्दल बोलत होता, आणि नुसत्या बाहेर पडण्यावर मोरेनोचाही भरवसा नव्हता. बाहेर पडलेलं आयुष्यात पुन्हा नीट बसवणं हे त्याने वेगळं मानलं होतं. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ६०० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांना आधी चिडवलं. मग काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅग बडवायला सांगितलं, काहींना नुसतं बसवून ठेवलं. बडवणारे जास्त चिडलेले निघाले. नुसते बसलेले सगळ्यांत शांत. वाफ दवडली की कुकर थंड होतो. माणसाचं तसं नाही.

आणि २००३ मध्ये डेव्हिड किपर आणि टिमथी रिची यांनी मनोनाट्याच्या तंत्रांवरचे २५ प्रयोग एकत्र तपासले. एकूण परिणाम चांगला दिसला. सगळ्यांत प्रभावी तंत्रं कोणती निघाली? भूमिकांची अदलाबदल आणि डबल. पंचवीस ही फार मोठी संख्या नाही, एवढ्यावर ढोल वाजवू नयेत. पण ही दोन्ही तंत्रं दुसऱ्याच्या जागी जाण्याची आहेत, हे मला बोलकं वाटतं. सरांचा प्रश्न तोच होता.

आपल्याकडे दुसऱ्याच्या तोंडून बोलायची परंपरा मोठी आहे. पैठणच्या एकनाथांनी भारुडात किती सोंगं घेतली! जोहारात तर त्यांनी महाराच्या भूमिकेतून लिहिलं, आणि सोळाव्या शतकातल्या ब्राह्मणाने ते केलं याचं मोल मी कमी करणार नाही. फक्त अदलाबदल म्हणावी तर दोन्ही बाजूंनी खुर्ची बदलावी लागते. नाथ त्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीतल्या माणसाला नाथांच्या खुर्चीत कुणी बसू दिलं नाही. त्याला शतकं लागली, आणि शेवटी ती खुर्ची मागून मिळाली नाही, हिसकावून घ्यावी लागली. हे मी मनोनाट्य करताना स्वतःलाच सांगत असते. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने दुबळ्याचं सोंग घेणं सोपं, उलट अवघड.

मनोनाट्य कसं असू नये, याचा नमुनाही आपल्या रंगभूमीवर आहे. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनात रंगायनने केलं, सुलभा देशपांडे बेणारे झाल्या. हौशी नाटक मंडळी एका गावात जमलेली, वेळ काढायला खोटा खटला खेळतात, आरोपी बेणारेबाई. बघता बघता खेळातला आरोप खरा होतो. मनोनाट्याच्या चष्म्यातून हे नाटक वाचलं की अंगावर काटा येतो. इथे मुख्य पात्राची संमती नाही. दिग्दर्शक नाही, किंवा सगळेच दिग्दर्शक. ज्यांच्यामुळे सगळं घडलं ते प्रोफेसर दामले येतच नाहीत. मनोनाट्यात पहिली रिकामी खुर्ची त्यांच्यासाठी मांडली असती. आणि बाई जेव्हा अखेर मन मोकळं करतात, ते लांबलचक स्वगत, तेव्हा बाकी सगळे गोठलेले असतात. कुणाच्याच कानांवर ते जात नाही. विरेचन म्हणाल तर पुरेपूर. पण नंतर एकही माणूस म्हणत नाही की बाई, माझ्याही बाबतीत असं काही आहे. हा तर खेळ होता, असं म्हणून मंडळी प्रयोगाच्या तयारीला लागतात. शेअरिंग नसलेलं मनोनाट्य कसं दिसतं हे पाहायचं असेल, तर हे नाटक पुन्हा पाहा.

माझ्या हातूनही एक छोटं कोर्ट भरलं होतं. तेव्हा मी नवी होते, उत्साह दांडगा. एका शिक्षकांच्या प्रशिक्षण शिबिरात मला दुपारी एक तास दिला होता. समोर चाळीस शिक्षक. मी म्हटलं, शाळेत आपला अपमान झाला असा लहानपणचा प्रसंग करून दाखवा. एक बाई पुढे आल्या. फी भरली नाही म्हणून वर्गाबाहेर उभं केलेली मुलगी त्यांनी उभी केली. फार खरं झालं. त्या रडल्या, आणि तास संपला. बाहेर चहा आलेला, पाठोपाठ प्रमाणपत्रवाटप. ओल्या डोळ्यांनी त्यांनी प्रमाणपत्र घेतलं. टाळ्या वाजल्या. तीन आठवड्यांनी त्यांचं कार्ड आलं. चारच ओळी. त्यातली एक अशी होती : "मॅडम, तुम्ही उघडलंत, मिटलं नाहीत." ते कार्ड माझ्याकडे आहे.

शिक्षणाकडे वळते ती या कार्डानंतरच. मोरेनोचं शिक्षणातलं सगळ्यांत गाजलेलं काम हडसन इथलं. न्यूयॉर्क राज्यातली मुलींची सुधारशाळा. १९३२ च्या शरद ऋतूत तिथून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या, आणि मोरेनोने हेलन हॉल जेनिंग्ज या सहकारिणीबरोबर तिथे अभ्यास केला. मुली सोळा घरांतून राहायच्या. त्याने त्यांना विचारलं, तुला कुणाबरोबर राहायला आवडेल, कुणाबरोबर नको? उत्तरांचे नकाशे काढले. वर्तुळं म्हणजे मुली, रेघा म्हणजे ओढ आणि दुरावा. पळालेल्या मुली नकाशावर रेघांनी एकमेकींना जोडलेल्या निघाल्या. न्यूयॉर्क टाइम्सने १९३३ मध्ये याची बातमी छापली. वर्गात कोण एकटं पडलंय ते कागदावर दाखवणारं हे साधन शिक्षकांनी अजूनही वापरावं. चाळीस मुलांच्या वर्गात एका तासात होतं.

पण हडसनची दुसरीही गोष्ट आहे. त्याच काळात, १९३३ साली, तिथे पंधरा-सोळा वर्षांची एक अनाथ मुलगी होती. नाव एला फिट्झजेराल्ड. होय, पुढे जॅझची सम्राज्ञी झाली तीच. त्या शाळेत कृष्णवर्णीय मुलींना वेगळ्या, गचाळ घरांत ठेवत, मारझोड होई, आणि गायनवृंद गोऱ्या मुलींचा म्हणून एला त्यात नव्हती. १९९६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनेच हे उघड केलं. नकाशात मैत्रीच्या रेघा दिसत होत्या. माराचे वळ कुठल्याच नकाशात नव्हते. मुलींना एकमेकींबद्दल विचारलं होतं, अधीक्षकाबद्दल नाही. कुणाच्या खुर्चीत बसायची परवानगी आहे आणि कुणाच्या नाही, हे आधी बघावं लागतं.

आपल्या वर्गांसाठी मी मनोनाट्यापेक्षा त्याचं धाकटं भावंड सुचवीन, समाजनाट्य. यात कुणाची खाजगी गोष्ट उघडत नाही. भूमिका गटाच्या असतात. समजा, विषय गावचं पाणी. एक मुलगा सरपंच, एक टँकरवाला, एक वरच्या आळीची बाई, एक ऊसवाला बागायतदार. दहा मिनिटांनी सगळ्यांनी खुर्ची बदलायची. बागायतदाराच्या मुलाने हंडा धरलेली बाई व्हायचं. भूगोलाच्या पुस्तकातला पाणीवाटपाचा धडा त्याच्या आयुष्यात कधी नव्हे एवढा जिवंत होतो. इतिहासालाही हे लागू आहे, पण तिथे जरा जपून. आमच्या मुलांना वीर व्हायची सवय आहे, हरलेल्या माणसाचं काम कुणी मागत नाही. तेच त्यांना द्यावं. आणि शेवटची पंधरा मिनिटं घंटा वाजली तरी सोडू नयेत. त्या पंधरा मिनिटांत मुलांनी सांगायचं, त्या खुर्चीत मला काय वाटलं.

राहिला व्यक्तिमत्त्वविकास. हा शब्द मोबाइलच्या जाहिरातीसारखा झाला आहे. शनिवार-रविवारच्या शिबिरात रोल-प्ले करवून घेतात, मुलाखत कशी द्यायची, 'नाही' कसं म्हणायचं. यात वाईट काही नाही. पण दोन दिवसांचं शिबिर करून कुणी स्वतःला सायकोड्रामा डायरेक्टर म्हणवत असेल, तर त्याच्यापासून दूर राहा. अमेरिकेत या कामाचं प्रमाणपत्र मिळवायला ७८० तासांचं प्रशिक्षण लागतं. आपल्या देशात चेन्नईत मॅग्डालीन जयरत्नम यांनी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायकोड्रामा उभी केली आहे. शिकायचं असेल तर अशा ठिकाणी जाऊन, वेळ देऊन शिकावं. आणि नुकताच मोठा धक्का बसलेल्या, भास-भ्रमांच्या तीव्र अवस्थेतल्या किंवा जिवाला जपावं लागेल अशा माणसाला शिबिरात उभं करू नये. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावं.

तरी या भागातला एक खेळ मला मनापासून आवडतो. जादूचं दुकान. दुकानदार शेल्फवर धीर, संयम, आत्मविश्वास, माफी असा माल ठेवतो. पैसे चालत नाहीत, बदल्यात स्वतःचं काहीतरी द्यावं लागतं. एकदा एक तरुण आला. "मला राग कधीच येणार नाही असं काहीतरी द्या." दुकानदार झालेली मुलगी कॉलेजची होती, पण किराणा दुकानदाराच्या तोऱ्यात म्हणाली, "देते की. पण चुकीला चूक म्हणायची तुमची धमक इथे ठेवून जा." तो बराच वेळ काउंटरपाशी उभा होता. मग म्हणाला, "पूर्ण नको. पावशेर द्या." व्यक्तिमत्त्वविकासावर मी वाचलेल्या पुस्तकांत एवढं शहाणं वाक्य नाही.

वेळ झाली, घंटेकडे अध्यक्षांचा हात गेलेला दिसतोय. पत्रिकेप्रमाणे आता प्रश्नोत्तरं आहेत. माझी विनंती आहे की आज प्रश्न नकोत, मला दुरुस्त्या नकोत, आणि बँकेतल्या त्या गृहस्थांनी काय करायला हवं होतं तेही नको. ऐकताना आपल्याला आपलं काही आठवलं असेल तर तेवढं सांगा. न सांगावंसं वाटलं तर शेजारच्याचं ऐका. कार्यकर्त्यांना सांगून ठेवलं आहे, साडेआठला सभागृहाचे दिवे बंद होणार नाहीत. माइक मधल्या रांगेत आहे, आणि मी आता खाली येऊन तुमच्यात बसते.